कोपऱ्यातला ळ

मामांच्या सहीत एकच अक्षर असायचं. ळ. आडनावाच्या मधोमध येणारा. बाकीची अक्षरं सगळ्याच पेंटरांकडं असतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा ळ म्हणजे एका देठाला लोंबणाऱ्या दोन कैऱ्या. उजवीकडची जरा जड, आणि देठ संपतो तिथं ब्रश उचलताना सुटलेली बारीक शेपटी. भिंतीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, विटकरी रंगात. त्याखाली 'जालना'. ना फोन नंबर, ना पत्ता. ज्याला काम द्यायचंय तो मोंढ्यात येऊन विचारील, 'तो ळवाला पेंटर कुठं बसतो?' आणि लोक खरंच तसं विचारत यायचे.

जालना हे बियाण्यांचं गाव. 'जालना सोने का पालना' हे आमच्याकडं लेकरालाही पाठ असतं, पण माझ्या आजोळचा पाळणा हलला तो कापसाच्या बोंडावर. बियाण्यांच्या जाहिराती तेव्हा भिंतींवर असायच्या. मे महिन्यात, पेरणीच्या आधी, अंबड-घनसावंगीपासून परतूर-मंठ्यापर्यंत रस्त्याकडेची भिंत मोकळी सापडायची नाही. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढची तीन-चार वर्षं मामांना दुपारचं जेवायला सवड नव्हती. मी बारा वर्षांची होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत लुनाच्या मागच्या सीटवर, दोन्ही गुडघ्यांत रंगाचे डबे धरून मी त्या मुलखातली गावं पाहिली. अजूनही मला मंठा म्हटलं की टर्पेंटाइनचा वास येतो.

माझं काम सुतळीचं एक टोक धरायचं. निळीत बुडवलेली सुतळी भिंतीच्या दोन कडांना ताणायची, मधोमध चिमटीत ओढायची आणि सोडून द्यायची. टप्प. चुन्याच्या पांढऱ्यावर निळी रेघ उठायची आणि त्या रेघेला अक्षरं लटकायची. अक्षरं काढताना मामा बोलायचे, चहा प्यायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालायचे. बोंड काढताना मात्र गप्प. बोंड नेहमी शेवटी. एकदा कंपनीचा माणूस मोटारसायकलवर आला नि म्हणाला, सगळी बोंडं पाच पाकळ्यांची काढा, भरलेली दिसली पाहिजेत. मामा म्हणाले, "सगळीच पाचाची काढली तर बघणारा हसंल साहेब. दोन पाचाची काढतो, बाकी चाराची." समोरच्या टपरीवर दोघं-तिघं बसले होते, त्यांनी माना हलवल्या. त्यांची कापसाची वावरं होती. भिंतीवरचं ते बोंड ते वर्षभर बघणार होते.

मग फ्लेक्स आलं. ते कसं आलं हे सांगण्यात अर्थ नाही, सगळ्यांच्या गावात तसंच आलं. एक वर्षभर मामा ओसरीवर बसून होते. त्यांच्या धाकट्यानं, म्हणजे माझ्या मामेभावानं, कोरलड्रॉ शिकून अंबड चौफुलीजवळ डिझाइनचं दुकान टाकलं. सगळी गल्ली त्याला भाऊ म्हणते, म्हणून मीही भाऊच म्हणते, वयानं लहान असूनही. मामा पहिली दोन वर्षं त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. तिसऱ्या वर्षी चढले, एका लग्नाच्या बॅनरवरचा गणपती बघितला, म्हणाले, "सोंड डाव्या अंगाला घे, तोल जायलाय," आणि चहा न पिता उतरले. भाऊ ते अजून सांगतो. त्यानं सोंड डावीकडं घेतली होती.

मी या सगळ्यातून सुटले. संभाजीनगरला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी धरली, लॉकडाउनमध्ये परत आले ती आलेच. आता सिडकोतल्या घरातून पुण्याच्या कंपनीचं काम करते: बिलं, पावत्या, कर, परतावे, यांचं सॉफ्टवेअर. रोमहर्षक काही नाही. जून २०२१ मध्ये गिटहबचं कोपायलट, म्हणजे कोड आपोआप पुढं लिहून देणारं साधन, पहिल्यांदा लोकांना वापरून बघायला मिळालं, नंतर ते माझ्याही हाती आलं. फंक्शनचं नुसतं नाव लिहून एंटर दाबलं तर पुढच्या अकरा ओळी राखाडी अक्षरांत समोर उभ्या. बरोबर. मी हसले होते, एकटीच, मोठ्यानं. शाळेत असताना कुणीतरी आपला गृहपाठ करून ठेवलाय आणि बाईंना ते चालणार आहे, तसा आनंद. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं तेव्हा आमच्या टीमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रात्री दोनपर्यंत दिवाळी चालली होती.

त्याच डिसेंबरात आर्टस्टेशन या चित्रकारांच्या साइटवर जगभरचे चित्रकार एआयविरोधी फलक टाकून पहिलं पान भरून काढत होते. लाल गोल आणि त्यात तिरकी रेघ. मी ते बघितलं होतं आणि 'घाबरलेत बिचारे' एवढंच म्हणून पुढं गेले होते, हे आता सांगायला लाज वाटते.

खरी गाठ पडली ती गेल्या दिवाळीत, आजोळी. भाऊ दुकान बंद करून आला होता आणि त्याचा चेहरा उतरलेला. सणाच्या तोंडावर बॅनरचं काम मरणाचं असतं, पैसाही बरा असतो. चेहरा उतरायचं कारण नव्हतं. विचारलं तर म्हणाला, गिऱ्हाईक आता मोबाइलमध्येच चित्र घेऊन येतं. फक्त प्रिंट मारून द्या म्हणतं. डिझाइनचे पैसे मागितले तर म्हणतं, कशाचे? फुकटात निघालंय. एप्रिल-मेच्या लग्नसराईत तर कहर झाला. मार्च २०२५ मध्ये घिबलीच्या धाटणीच्या चित्रांचं खूळ निघालं आणि त्या जपानी स्टुडिओचा एकही सिनेमा न पाहिलेली आमच्याकडची नवरानवरी मोठ्या डोळ्यांची, गुलाबी गालांची होऊन मंगल कार्यालयांच्या दारात उभी राहिली. भाऊला त्या चित्रांचा राग नव्हता. राग याचा होता की त्यांतल्या मजकुरात 'ळ' असलेला कुठलाही शब्द आला की 'ळ'चा 'ल' व्हायचा. 'फळे', 'सोहळा', 'सकाळी', सगळीकडं ल. यंत्रानं हिंदी जास्त वाचलेलं. ती अक्षरं काढून नीट बसवायचं काम मात्र भाऊच्या गळ्यात, आणि त्याचे पैसे नाहीत. (आता ती यंत्रं बऱ्यापैकी नीट लिहितात. हे भाऊला मी सांगितलं तेव्हा त्याला आनंद झाला नाही.)

मी म्हणाले, अरे, आमच्याकडं बघ. आम्हीही तेच वापरतो, आणि खूश आहोत.

"तू खूशच दिसायलीस," तो म्हणाला. "माझ्या पंधरा वर्षांच्या बॅनरचे तुकडे असतील त्यात. कुणी विचारलं का मला?"

मी म्हणाले, आम्ही तर आमचा कोड आपण होऊन इंटरनेटवर टाकतो. कुणीही घ्या, कुणीही बदला. आमच्यात उचलणं म्हणजे चोरी नाही, रीत आहे.

"तुमचं तुम्ही दिलं. माझं मी कधी दिलं?"

मामा ओसरीवर पणत्यांच्या वाती वळत होते. तिकडूनच म्हणाले, "फ्लेक्स आलं तेव्हा दिवाळीत माझ्यापायी कुणी भांडलं नव्हतं." आणि तेल आणायला आत गेले. आम्ही दोघं गप्प. भाऊ जास्त गप्प, कारण फ्लेक्स त्याचंच होतं.

जालना ते संभाजीनगर साठ-पासष्ट किलोमीटरचा रस्ता. तेवढ्यात मी तीन कारणं शोधली की आम्ही कोडवाले का नाचतो आणि हे चित्रवाले का रडतात. तिन्ही कारणं मला तेव्हा फार हुशारीची वाटली होती.

पहिलं, कोडची परीक्षा होते. यंत्रानं चुकीचं लिहिलं तर प्रोग्रॅम चालत नाही, टेस्ट पडते, खोटं लगेच उघडं पडतं. चित्राची टेस्ट कुठली? बोंडाला सात पाकळ्या काढल्या तरी बॅनर छापला जातोच. मामांच्या भिंतीसमोर टपरीवर बसलेली माणसं ही चित्राची परीक्षा होती. बॅनर आठ दिवसांत उतरतो, त्याच्यासमोर तसं कुणी बसत नाही.

दुसरं कारण, यंत्रानं कुणाच्या दिवसातला कुठला भाग नेला. माझ्या कामात सकाळ असते आणि संध्याकाळ असते. सकाळी डोकं ताजं असताना विचार करायचा की हा परतावा तीन हप्त्यांत गेला तर कर कसा फिरवायचा. संध्याकाळी तेच तेच लिहायचं: तीस रकाने, तीस तपासण्या. यंत्रानं माझी संध्याकाळ नेली. मी आनंदानं दिली. भाऊची मात्र सकाळ गेली. नवं काही सुचण्याची, गणपती कुठं बसवायचा, पिवळा किती तापवायचा याची सकाळ. त्याच्याकडं उरली संध्याकाळ: साइज बसव, कडा सोड, अक्षरं दुरुस्त कर, प्रिंट काढ, दांड्या ठोक.

तिसरं कारण सही. माझ्या कोडवर माझं नाव नसतं. बारा वर्षांत मी लिहिलेल्या ओळी किती लाख दुकानांची बिलं करत असतील, एकाही बिलाच्या कोपऱ्यात मी नाही. कुठली ओळ कुणी लिहिली हे आमच्यात शोधता येतं, पण त्या कमांडचं नावच 'ब्लेम' आहे. गिट ब्लेम. दोष कुणाला द्यायचा ते बघा. नाव असतं ते शिव्या घालण्यापुरतं. ज्याची सहीच नाही त्याचं यंत्र काय पुसणार? चित्रवाल्याचं मात्र पुसतं, आणि अगदी शब्दशः. सुरुवातीच्या त्या चित्र-यंत्रांच्या चित्रांत कोपऱ्यात एक गिचमीड यायची, वाचता न येणारी. कुणाचीच सही नाही, पण सही असते हे यंत्र शिकलेलं. स्टेबल डिफ्यूजन हे त्यांतलंच एक यंत्र ज्या साठ्यातून शिकलं त्या लायन-५बी मध्ये ५८५ कोटी चित्रांचे दुवे त्यांच्या मजकुरासह होते. त्यांत इतक्या कोपऱ्यांत इतक्या सह्या, की यंत्राला वाटलं कोपऱ्यात एक डाग हवाच. गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या कंपनीनं २०२३ मध्ये स्टेबल डिफ्यूजनवाल्यांवर दावा लावला तेव्हा यंत्रानं काढलेली चित्रंच पुरावा म्हणून दिली, ज्यांत गेटीचा वॉटरमार्क वितळल्यासारखा उमटला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टात त्या खटल्याचा निकाल लागला. कॉपीराइटचा दावा टिकला नाही. जे थोडंसं टिकलं ते ट्रेडमार्कचं, म्हणजे त्या वितळलेल्या खुणेचं.

हे तिसरं कारण मला इतकं आवडलं की त्यावर लेख लिहायचा म्हणून मी खटल्यांचे कागद वाचायला घेतले, आणि तिथंच माझी हुशारी आडवी झाली.

यंत्रांवर पहिला मोठा खटला चित्रकारांनी लावला असेल असं मी धरून चालले होते. तसं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात कोपायलटवर दावा लागला तो प्रोग्रॅमरांचा. दोन महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये, सारा अँडरसन, केली मॅकर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकार स्टेबल डिफ्यूजन आणि मिडजर्नीवाल्यांच्या विरोधात उभ्या राहिल्या. दोन्ही दाव्यांमागं मॅथ्यू बटरिक नावाचा एकच वकील, जो स्वतः प्रोग्रॅमर आणि अक्षररचनाकारही आहे. चित्रकारांनी आपापल्या नावानं दावा लावला. प्रोग्रॅमर कागदावर फक्त 'जे. डो १' आणि 'जे. डो २' होते. अमका आणि ढमका. हे वाचून मी आधी खूश झाले. माझ्या तिसऱ्या कारणाला यापेक्षा चांगला पुरावा कुठला?

मग पुढचं पान वाचलं. त्या अमक्या-ढमक्याची तक्रार काय होती? आमचा कोड घेतला, ही नव्हे. घ्यायला तर आम्हीच दिला होता. तक्रार ही होती की घेताना आमचं नाव टाकलं नाहीत. एमआयटी लायसन्स हे आमच्यातल्या फार सैल लायसन्सांपैकी एक. कुणीही वापरा, विका, मोडा, जोडा. अट एकच: लिहिणाऱ्याचं नाव असलेली वरची ओळ आणि हा परवान्याचा मजकूर काढू नका. मी ही अट गेल्या बारा वर्षांत हजार वेळा फाइलींच्या माथ्यावर पाहिली असेल, आणि एकदाही वाचली नव्हती. ती सहीच होती. कोपऱ्यातला ळ. सगळं देऊन टाकताना एवढंच काय ते मागून घेतलेलं. त्या खटल्यातले बहुतेक मुद्दे कोर्टानं फेटाळले. लायसन्सची अट मोडल्याचा मुद्दा तेवढा धुगधुगी धरून राहिला.

हॉलिवूडच्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला, तेव्हाही पैशांच्या बरोबरीनं एक गोष्ट करारात लिहून घेतली: यंत्राला लेखक म्हणून श्रेय देता येणार नाही. मी त्या वेळी त्या संपाच्या बातम्या 'आता नव्या मालिका उशिरा येणार' या चिंतेनं वाचत होते.

नावाची ही भानगड आपल्याकडं जुनी आहे. नामदेव आमच्याच मराठवाड्यातल्या, हिंगोलीतल्या नरसीचे. त्यांच्या अभंगाची सही आतच असते, शेवटच्या चरणात, 'नामा म्हणे'. पुढं दोन-अडीचशे वर्षांनी विष्णुदास नामा झाला, त्याचंही 'नामा म्हणे', आणि गाथेत दोघांचे अभंग असे मिसळले की अभ्यासकांना ते वेगळे करताना घाम फुटला. तो दुसरा नामा चोर नव्हता. त्याचं ते नावच होतं. पण चांगल्या नावाखाली भर पडत गेली की मूळ कुठलं ते सापडेनासं होतं, एवढं खरं.

दरम्यान माझ्या स्वतःच्या संध्याकाळचं काय झालं ते सांगायला हवं. ती परत आली. यंत्र आता माझी संध्याकाळच नव्हे, सकाळही लिहितं, आणि मी दिवसभर त्यानं लिहिलेलं वाचते. दुसऱ्याचं अक्षर तपासणाऱ्या बाईसारखी. बरोबर दिसणारं, छान मांडलेलं, आणि चाळिसाव्या ओळीत कुठंतरी परतावा दोनदा देणारं. टेस्टसुद्धा यंत्रच लिहितं. म्हणजे पेपर त्याचा, तपासणी त्याची, आणि चूक निघाली तर ब्लेममध्ये नाव माझं. 'कोडची परीक्षा होते' हे माझं पहिलं कारण तिथंच गळालं. दुसरंही गळालंच.

एकटीचीच ही गत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या २०२५ च्या पाहणीत ८४ टक्के प्रोग्रॅमर ही साधनं वापरतात किंवा वापरणार म्हणाले, आणि त्याच पाहणीत त्यांच्या उत्तरांवर भरवसा नसलेले ४६ टक्के निघाले, असलेले ३३. नवऱ्याशी पटत नाही पण नांदते, अशा लेकीबाळी आमच्याकडं गल्लोगल्ली होत्या, त्यांतली मी एक. मेटर या संस्थेनं त्याच वर्षी १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना २४६ कामं दिली, काही यंत्रासह, काही यंत्राविना. यंत्रासह काम करताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावर विचारलं तर म्हणाले, आम्ही २० टक्के लवकर उरकलं. या आकड्यांत मला हसू येण्यासारखं काही दिसलं नाही, कारण मी पण हेच शपथेवर सांगितलं असतं.

आणि कर्ल. हे कुणाला माहीत नसतं, पण फोनपासून मोटारीपर्यंत जिथं म्हणून यंत्र इंटरनेटवरून काही आणतं तिथं बहुधा कर्ल असतं. ते सांभाळणारा डॅनियल स्टेनबर्ग हा स्वीडनमधला माणूस. चूक दाखवा, बक्षीस घ्या, अशी त्यांची योजना होती. लोक यंत्राकडून चुकांचे लांबलचक अहवाल लिहून घेऊन पाठवू लागले. भाषा सफाईदार, आतली चूक अस्तित्वातच नसलेली. प्रत्येक अहवाल खोटा आहे हे सिद्ध करायला माणसाचा वेळ जातो. शेवटी जानेवारी २०२६ अखेर त्यानं बक्षीसच बंद केलं. मला पैठणचे एकनाथ आठवले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत मधेमधे कुणीकुणी आपल्या ओव्या घुसडल्या होत्या, त्या वेचून काढल्या आणि शेवटी बजावलं, इथं जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. बघा, एकनाथांनी घुसडणाऱ्याला वाईट कवी म्हटलेलं नाही. ती ओवी चांगली असेलही. प्रश्न ताट कुणाचं आहे हा आहे. स्टेनबर्गला मराठी येत असतं तर त्यानं हीच ओवी दारावर लावली असती.

'तुमचं तुम्ही दिलं, माझं मी कधी दिलं' हे भाऊचं वाक्य मात्र गळालं नाही, कितीही हलवलं तरी. त्याचं उत्तर मला मामांच्या भिंतीवरच सापडलं, म्हणजे भिंतीवर ज्याची जाहिरात होती त्या बियाण्यात. पिशवीतलं सुधारित बी हवेतून येत नाही. त्याचे आईबाप कुठल्यातरी वावरात, कुणीतरी बाईनं राखेत घालून गाडग्यात जपलेले असतात. आपल्याकडं २००१ मध्ये वाणांचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या नावातच शेतकऱ्याचे हक्क घातले. ज्याच्या जपलेल्या वाणातून नवं वाण निघालं, त्याला लाभातला वाटा मागता यावा अशी तरतूद केली. ती कागदावर किती आणि वावरात किती, हा वेगळा विषय. पण निदान गाडग्याची नोंद झाली. ५८५ कोटी चित्रांच्या गाडग्यांची तशी नोंद कुठं आहे? माझ्या फाइलींच्या माथ्यावर ती होती. ती पुसली गेली तेव्हा मी नाचत होते.

जानेवारीत भाऊचा फोन आला, रात्री साडेअकराला. मला वाटलं मामांना काही झालं. नाही. बदनापूरकडचं एक घर तेराव्याचा बॅनर करायला आलं होतं. म्हाताऱ्याचा एकच फोटो, मतदान कार्डावरचा, तोही झेरॉक्सची झेरॉक्स. भाऊनं तो यंत्रात घातला. हो, भाऊनंच. पोट आहे म्हणाला. यंत्रानं चेहरा सुरेख उजळवला: फेटा, सुरकुत्या, मिशा, सगळं. फक्त म्हाताऱ्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, ते काढून टाकलं. दोन्ही डोळे लखलखीत काळे. भाऊला झेरॉक्समध्ये ते फूल दिसलं होतं. त्यानं दोन तास बसून ते परत काढलं, माउसनं, पांढरटाला निळसर कड देत. "पप्पांनी बोंड काढावं तसं काढलं, ताई," म्हणाला. आणि दोन्ही चित्रं दाखवायला ठेवली.

सकाळी घरचे आले. सुनेनं यंत्राचं चित्र बघून तोंडावर पदर धरला, "हे मामंजी नव्हेत." मुलगा गप्प. भाऊला बरं वाटलं. त्यानं आपलं चित्र पुढं केलं. मग म्हातारी पुढं झाली. दोन्ही चित्रं तिनं हातभर लांब धरून बघितली आणि डोळे नीट असलेल्यावर बोट ठेवलं.

"हेच लावा. तीस वर्षं एका डोळ्यानं बघितलं त्यांनी. आता दिसू द्या की."

बॅनर तोच छापला. भाऊनं पैसे फक्त प्रिंटचे घेतले. दोन तासांचे मागायचे कसे, जे चित्र लागलंच नाही त्याचे? "म्हातारीला चूक म्हणता येईना मला," तो म्हणाला. "अन् बरोबर बी म्हणता येईना." मी फोनवर काहीतरी पुटपुटले. मला त्या दोन तासांचं फूल बघायचं होतं. ते त्यानं डिलीट केलं होतं.

फेब्रुवारीत मामांना घेऊन आम्ही दोघं घनसावंगीच्या रस्त्याला निघालो. मला या लेखासाठी एक फोटो हवा होता. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या मागच्या बाजूला मामांची एक भिंत अजून उभी आहे, हे मला माहीत होतं. कॉलेजला असताना बसमधून दरवेळी मी तिकडं बघायचे, खालच्या कोपऱ्यात दोन कैऱ्या दिसल्या की बरं वाटायचं. बाभळी वाढल्या होत्या. भाऊनं वाट काढली. कंपनीचं नाव उडालेलं, 'भरघोस' तेवढं शाबूत, आणि एक बोंड, चार पाकळ्यांचं, पापुद्रे सुटलेलं. खाली ळ.

मामांनी चष्मा पुसला. जवळ गेले. बोंडावरून बोट फिरवलं, वाकून ळ बघितला.

"ही माझी नव्हं."

मी म्हणाले, मामा, ळ आहे की.

"कैऱ्या बघ. दोन्ही सारख्या हायेत. शेपटी नाही." ते हसायला लागले. हाताखाली एक परतूरचा पोरगा होता, त्यानं काढलेली. वेगळं काम धरलं तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून पहिली दोन वर्षं तो मामांचा ळ लावायचा.

"तुम्हाला चालायचं?" भाऊनं विचारलं.

"विचारायला आला होता ना घरी. पेढे घेऊन."

मामांनी बोंडाचा सुटलेला एक पापुद्रा अंगठ्यानं दाबून भिंतीला परत बसवायचा प्रयत्न केला. बसला नाही. मग म्हणाले, ऊन लागायलंय, चला.